दाब, सोड, सोड

हवेबद्दल मी रोज विचार करतो. चाळीस वर्षं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दहा गिऱ्हाइकांतल्या सहांची तक्रार एकच असते, हवा राहत नाही. श्वासाबद्दल मात्र मी कधी डोकं चालवलं नव्हतं. तो आपला आपण येतो-जातो, त्यात दुरुस्त काय करायचं? बायको चारचौघांत म्हणायची, "ह्यांना जगात दोनच गोष्टी कळतात. हवा आहे आणि हवा नाही." लोक हसायचे आणि माझं डोकं फिरायचं. ते तसंही लवकर फिरतं, नाकावरच असतो राग. बायकोने तेवढ्यावर संसार केला, हेच नवल.

तिला छातीचं दुखणं झालं आणि तिसऱ्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर गेली. दुकानापासून हॉस्पिटल पायी पाच मिनिटांवर. आठ खाटांची खोली, प्रत्येक खाटेशी श्वास देणारं एक मशीन, आणि बाहेर नातेवाइकांसाठी एकच बाक, ज्याचा एक पाय आखूड होता. मी पहिल्याच दिवशी त्याच्याखाली टायरचा तुकडा घातला. नातेवाइकांना आत सोडायचे चार ते पाच. तिची खाट सातवी.

आठव्या खाटेवर पाहुणे होते. त्या खोलीत ज्या पेशंटचं नाव-गाव कळलेलं नाही, त्याला मोठ्या सिस्टर पाहुणे म्हणायच्या. बेवारस हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढला की त्या अशा बघायच्या की बोलणाऱ्याची बोलती बंद. हे पाहुणे रस्त्यात पडलेले सापडले होते. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, चेहरा सुजलेला. वय तीसही असेल आणि पन्नासही. त्यांच्याकडे बघायला कोणी यायचं नाही, म्हणून सिस्टर चार वाजता त्यांच्या उशाशी दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि आज हवा कशी आहे, बाहेर कोण कोण भांडतंय, ते सांगायच्या. मला हसू यायचं. ऐकतोय कोण?

पाहुणे हा शब्द ऐकला की मला आणखी एक गोष्ट आठवायची. आमच्या घरी कोणीही येवो, वीजबिलवाला का असेना, बायको पहिला कप त्याच्यापुढे ठेवायची. मी दुकानातून दमून आलेला, घसा कोरडा, हात पुढे करायचो, आणि कप माझ्या नाकाखालून पलीकडे जायचा. "आधी पाहुण्यांना," ती म्हणायची. ह्या दोन शब्दांवरून आमची जेवढी भांडणं झाली असतील, त्यांची मोजदाद नाही.

मोठ्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. अंगाने बारीक, आवाज असा की खोलीतली माशीसुद्धा रांगेत बसावी. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती, आणि हॉस्पिटलचं जनरेटर म्हातारं. म्हणून भेटायच्या वेळेत सिस्टर आम्हा नातेवाइकांना दहा मिनिटं शिकवणी द्यायच्या. हातात एक रबरी फुगा, नारळाएवढा, त्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह. मशीन बंद पडलं तर नळीला हा जोडायचा आणि हाताने श्वास द्यायचा. त्याची मोजणी त्या आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यायच्या. "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." दाबायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ लागतो, तो द्यायचा.

मी म्हणालो, सिस्टर, मी चाळीस वर्षं हेच करतोय, मला काय शिकवता. त्या म्हणाल्या, टायर दुखतं म्हणून सांगत नाही. मी फुगा दाबला.

त्यांचा एक नियम होता. आपल्या माणसाला आपण फुगा द्यायचा नाही. एक नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा दिवसभर बाहेर फोनवर ओरडून बोलायचा, आम्ही त्याला मोबाईलवाला म्हणत होतो. त्याने विचारलं, असं का? परक्यापेक्षा मुलगा बरा नाही का?

"आपलं माणूस असलं की हात जास्त दाबतो," सिस्टर म्हणाल्या. "घाई करतो. सोडतच नाही. प्रेमाने फुप्फुस फाटलेलं पाहिलंय मी."

मला ते लगेच पटलं. जास्त हवेने फाटलेल्या ट्यूब मी पोतंभर पाहिल्यात. पटलं, पण आवडलं नाही. माझ्या बायकोचा श्वास त्या मोबाईलवाल्याच्या हातात द्यायचा?

सहाव्या दिवशी सव्वाचारला वीज गेली. आम्हाला सवय झाली होती, सगळे छताकडे बघत जनरेटरच्या घरघरीची वाट बघू लागलो. ती आलीच नाही. मशीनं बॅटरीवर चालत राहिली, मग एकेक करून किंचाळायला लागली. खालून निरोप आला की जनरेटरचा पट्टा तुटलाय, दुसरा बसवतायत, अर्धा तास तरी जाईल. बॅटऱ्या जुन्या. मशीनं तेवढा वेळ टिकणार नव्हती.

मोठ्या सिस्टरनी कपाट उघडलं. एकही शब्द वाया न घालवता त्यांनी आम्हाला वाटून टाकलं. मोबाईलवाला तीन नंबरला, तीन नंबरच्या आजींची मुलगी एक नंबरला, दुसऱ्या सिस्टर चारला, त्या स्वतः पाचला. ज्याचं माणूस त्याच्यापासून लांब. ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले होते, हातही पुरेसे होते. कमी पडला तो फुगा. माणसं आठ आणि धड फुगे सात. आठव्याच्या व्हॉल्व्हमधली रबराची पातळ चकती कुठेतरी पडली होती. साफसफाईच्या मावशी वरच्या मजल्यावर मागायला धावल्या आणि हात हलवत परत आल्या, तिथेही हीच बोंब.

मी तो आठवा फुगा हातात घेतला. रबर फाटलं असतं तर ठिगळ लावलं असतं, त्याला मला दोन मिनिटं पुरतात. पण व्हॉल्व्हची चकतीच नाही म्हटल्यावर हवा आत जाणार तशीच मागे येणार. मी तरीही व्हॉल्व्ह उघडला, फिरवला, पुन्हा बसवला, पुन्हा उघडला. कितीदा, ते मला कळलं नाही. सिस्टर पाच नंबरच्या उशाशी फुगा दाबत माझ्या बोटांकडे बघत होत्या, तेही तेव्हा कळलं नाही.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आठही खाटांचे कागद एकामागून एक बघितले. मिनिटभरही लागलं नसेल. सात आणि आठ नंबरची मशीनं अजून तग धरून होती. उरलेला सातवा फुगा मॅडमच्या हातात होता, आणि त्या आठव्या खाटेकडे वळल्या.

मला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला.

मी म्हणालो, मॅडम, सात नंबर माझी बायको आहे.

"हो काका."

"आठ नंबरला तर कोणीच नाहीये."

हे मी म्हणालो. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं दिसलं. कोणीतरी एक जाणारच असेल, तर ज्याच्यामागे रडायला कोणी नाही तो जावा, हे सगळ्यांच्या मनात होतं. मी फक्त बोलून दाखवलं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. "कोणी नाही म्हणूनच त्यांचं मला बघावं लागतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. पाहुण्यांना मार डोक्याला आहे, फुप्फुसं चांगली आहेत, ते यातून उठतील. माझ्या बायकोची फुप्फुसं रोज थोडी थोडी मिटत चालली आहेत. हे त्या मला संध्याकाळी नीट बसवून सांगणार होत्या.

मी विचारलं, तुमची आई असती इथे, तर? विचारलं म्हणजे ओरडलोच.

"तर मी खोलीबाहेर गेले असते, काका, आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं असतं."

 

तेवढ्यात मोठ्या सिस्टर बोलल्या. हात फुग्यावर चालूच. "मॅडम, आपण दोनदा सोड म्हणतो ना?"

मॅडमना कळेना.

"दाब, सोड, सोड. एकाचं सोडणं चाललेलं असतं तेव्हा फुगा रिकामा बसलेला असतो. तेवढ्यात दुसऱ्याचं दाबून होईल. खाटा शेजारी आहेत. फुगा एका नळीवरून काढून दुसरीवर बसवायचा, एवढंच."

मॅडम म्हणाल्या, दर श्वासाला काढायचा आणि बसवायचा? अर्धा तास? कोणाला जमेल ते?

सिस्टरनी माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. "हे सायकलवाले आयुष्यभर तेच करतायत. मघापासून त्यांची बोटं बघतेय मी."

मग त्या थांबल्या. स्वतःचा नियम त्यांनाही आठवला. सात नंबर माझी बायको होती. खोलीत दुसरा कोणी असता तर त्यांनी त्याला बसवलं असतं. मॅडमना आठही खाटांवर नजर ठेवायची होती, त्या एका जागी बसू शकत नव्हत्या. सात नंबरचं मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. पाठोपाठ आठचं.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "खाटा जवळ ओढा. सायकलवाले, तोंडाकडे बघायचं नाही. आकड्यांकडे बघायचं नाही. फक्त नळ्या. ही तुमची बायको नाही. एक डावा आहे आणि एक उजवा आहे. मोठ्याने म्हणा, मला ऐकू आलं पाहिजे."

मी दोन उशांच्या मधे स्टुलावर बसलो. फुगा डाव्या नळीवर बसवला आणि म्हणालो, "डावा दाब, सोड." काढला, उजवीवर बसवला. "उजवा दाब, सोड."

पहिल्या दहा-बारा श्वासांत मी घामाने भिजलो. मग बोटांनी कामाचा ताबा घेतला. नळीचं तोंड बोटांना पंपाच्या तोंडासारखंच लागत होतं, थोडं मऊ. डावा दाब, सोड. उजवा दाब, सोड. आणि मग मला जे वाटलं ते मी कसं सांगू? दाबलं की माझ्या मुठीतून काहीतरी निघायचं आणि शेजारची छाती वर यायची. एक अख्खा माणूस वर यायचा. चादर हलायची. मी सोडलं की तो खाली जायचा, आणि जाताना नळीतून उबदार वारा माझ्या मनगटाला लागायचा. टायर कधी वारा परत देत नाही. चाळीस वर्षं मी हवा भरतोय आणि हवा म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. मी घाबरलो होतो, आणि भारावलोही होतो. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड. मशीनं गप्प झाल्यावर इतकी शांतता झाली की सगळ्यांची मोजणी ऐकू येऊ लागली. तिकडे मोबाईलवाला तीन नंबरच्या आजींना श्वास देत होता, पुटपुटत, डोळे मिटून. त्याचा फोन खिशात वाजला आणि वाजून बंद पडला. तीन नंबरची मुलगी त्याच्या वडिलांना देत होती. ज्या माणसावर मी सहा दिवस दात खात होतो, तो परक्या बाईला श्वास मोजून देत होता, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि स्वतःच्या बापाकडे मान वळवून बघत नव्हता. त्या खोलीत प्रत्येकाचं माणूस दुसऱ्याच्या मुठीत होतं. देवळात गेलो तरी माझे हात फारसे जोडले जात नाहीत. तेव्हा ते मोकळे असते तर जोडले असते.

इथवरची गोष्ट सांगायला मला आवडते. पुढची मी कोणाला सांगत नाही.

अर्धा वेळ झाला असेल. मी ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघितलं. बायकोच्या उशाशी छोटा मॉनिटर बॅटरीवर चालू होता. सकाळी तिथे ब्याण्णव होतं. आता चौऱ्याऐंशी. बघता बघता त्र्याऐंशी. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठांचा रंग गेला होता. कपाळावर नेहमीची बारीक आठी होती, मी काही मूर्खपणा करायच्या बेतात असलो की पडायची ती.

"डावा दाब, सोड," मी म्हणालो. फुगा काढला नाही. "डावा दाब, सोड."

मग उजवा. मग पुन्हा डावा, आणि पुन्हा डावाच. आकडा पंच्याऐंशी झाला. तो आकडा वर जाताना बघितल्यावर माझ्यात जे होतं नव्हतं ते सगळं भान गेलं. तिसऱ्यांदा मी उजव्याचा श्वास डाव्याला दिला. त्या माणसाच्या तोंडचा घास काढला म्हणतात ना, तसं नाही. घास परत मिळतो. मी त्याचा श्वास काढला, तीनदा, जाणूनबुजून, आणि मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तो मेला असता तरी त्या क्षणी मला चाललं असतं.

तिसऱ्या खेपेनंतर मी फुगा काढून उजवीकडे वळलो, आणि हात जागच्या जागी थांबले.

पाहुण्यांची छाती वर येत होती.

फुगा माझ्या हातात होता. नळीचं तोंड उघडं होतं. कोणी काही दाबत नव्हतं, आणि ती छाती हळूहळू, अडखळत, चढणीवर सायकल ढकलावी तशी वर चढत होती. वर पोचली. थांबली. खाली आली, आणि उबदार वारा माझ्या मनगटाला लागला. सहा दिवस मशीनने श्वास घेणाऱ्या माणसाने आपला आपण एक श्वास घेतला, तोही नेमका मी चोरलेल्या श्वासाच्या जागी.  मी मॅडमना हाक मारायला तोंड उघडलं.

मॅडमना दिसलं होतंच. त्या धावत आल्या, पाहुण्यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या, दुसरा श्वास बघितला, तिसरा बघितला. मग म्हणाल्या की हे आपला आपण श्वास घेतायत, मी इथे बसते, गरज लागली तर सांगेन, तुम्ही आता सात नंबरला पूर्ण द्या. आणि वर म्हणाल्या, "बरं झालं काका, तुम्ही लक्ष ठेवून होतात."

 मी डाव्याला श्वास देत राहिलो. दाब, सोड, सोड. पाच वाजायच्या आत खालून घरघर ऐकू आली आणि दिवे लागले. आठही जण जिवंत होते. मोबाईलवाला खाली फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा मोठ्या सिस्टर येऊन शेजारी बसल्या. त्यांची बोटं आखडली होती, त्या एकेक बोट ओढून सरळ करत होत्या.

"तीनदा डावा दोनदा आला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

"मला ऐकू येत होतं."

मी विचारलं, मग अडवलं का नाही? त्या म्हणाल्या, "माझ्या हातात पाच नंबर होता. तो सोडून कशी येणार?"

मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. पण त्यांनी एवढंच सांगितलं की तुम्हाला तिथे बसवलं ती चूक माझी होती, माणूस वाईट असतो म्हणून तो नियम नाहीये. मग त्या उठून आत गेल्या. पाहुण्यांच्या उशाशी जाऊन त्या आज काय काय झालं ते सांगत होत्या, ते दारातून दिसत होतं. ह्या वेळी मला हसू आलं नाही.

बायको त्यानंतर सहा दिवसांनी गेली. वीज होती, मशीन चालू होतं, मुलगी येऊन पोचली होती, सगळं जिथल्या तिथे होतं आणि ती गेली. मॅडमनी कागद बघून मिनिटभरात जे ठरवलं होतं ते बरोबर होतं. मी चोरलेले तीन श्वास कुठे गेले, तेवढं मात्र कोणाच्या कागदावर नाही. पाहुण्यांना त्याआधीच दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. त्यांना शुद्ध आली, नाव कळलं, घरचे आले, असं मावशींकडून कानावर आलं. मी त्या खोलीकडे फिरकलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

दुकान पुन्हा उघडलं. एक नवी खोड लागली होती. पंप मारायला लागलो की तोंड आपोआप पुटपुटायचं. गिऱ्हाईक हसायचं, मी एरवीसारखा खेकसायचो.

सात-आठ महिने झाले असतील. एके दिवशी सकाळी एक रंगारी आला. कपड्यांवर चार घरांचे रंग, सायकलला शिडी बांधलेली, दोन्ही चाकं बसलेली. शिडी सोडून भिंतीला लावली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी सायकल उलटी केली आणि दोन्ही चाकं आळीपाळीने भरायला घेतली, थोडी हवा ह्यात, थोडी त्यात. तोंड चालूच होतं. डावा दाब, सोड. उजवा दाब, सोड.

तो वळला. त्याच्या कानावरून मागे एक लांब व्रण गेला होता, तिथे केस उगवले नव्हते.

"काका, परत म्हणा."

मी विचारलं, काय म्हणू?

"ते उजवा. परत म्हणा ना."

मी पंप खाली ठेवला. मी तो चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. फक्त नळी बघितली होती. पण आता मला सांगायची गरज नव्हती, आणि त्यालाही.

तो उकिडवा बसला आणि बोलू लागला. आजारपणातलं त्याला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की अंधार होता आणि कुणीतरी मोजत होतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, स्वप्न पडलं असेल. "पण मला माहीत होतं की उजवा म्हणजे मी," तो म्हणाला. त्या आवाजाची वाट बघण्यापलीकडे त्याला दुसरं काही कामच नव्हतं. नंतर मी हे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, औषधाच्या गुंगीत माणसाला काय काय ऐकू येतं, खात्रीने कोण सांगणार? मी काही खात्रीने सांगत नाहीये. त्याने सांगितलं ते सांगतोय.

मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. डाव्या बाजूला माझी बायको होती हे, मी खोलीत काय म्हणालो ते, आकडा, तीन श्वास, सगळं. शेवटी म्हणालो की तू मेला असतास तरी मला तेव्हा चाललं असतं. हे सांगताना मी त्याच्याकडे बघितलं, कारण निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

त्याने उलट्या सायकलचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग त्याने विचारलं, काकू कशा आहेत? मी मान हलवली. त्याला कळलं.

"मला आठवतंय ते," तो म्हणाला. "डावा दोनदा झाला. उजवा आलाच नाही. मी वाट बघितली. मग मला वाटलं, मोजणारा माणूस दमला असेल. म्हटलं, एवढ्या वेळा त्याने दिला, ह्या खेपेला आपला आपण घ्यावा."

मी तिथेच फरशीवर बसलो. मी त्याचा श्वास चोरत होतो, आणि तो अंधारात पडल्या पडल्या मी दमलो असेन म्हणून माझी काळजी करत होता. एवढ्या मोठ्या गोष्टीचं मी काय करू, ती कुठे ठेवू, मला समजेना. रडलो. दुकानासमोरून लोक जात होते, त्यांनी बघितलं असेल. बघेनात का.

तो उठून सायकल सरळ करायला लागला, कामावर उशीर होत होता म्हणे. मी म्हणालो, बस, अजून दुसऱ्या चाकात हवा पुरी नाही. समोरच्या टपरीला हात करून चहा सांगितला. चहा आला, दोन कप. सकाळपासून मी घोटभर पाणीही प्यायलो नव्हतो, घसा कोरडा पडला होता. मी पहिला कप उचलला आणि त्याच्यापुढे धरला.